ब्रुनोकाकांचं लग्न

नॉयेनडाइख, २ मार्च १९६५

प्रिय गेशे,

आधी बूड टेक आणि मग वाच, नाहीतर हसून पडशील. तुझ्या आईला लग्नाची मागणी आली आहे!

नवरदेव स्वतः येऊ शकला नाही, कारण तो दीड वर्ष कोठडीत आहे. त्याच्या वतीनं वकील व्योल्के आले, चिखलाचे बूट घेऊन थेट स्वयंपाकघरात. परवाच घासलेली फरशी. कॉफी दिली, केक दिला, तर चिवडत बसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही आणि ब्रुनो काल्वाइटनी आता लग्न करून टाकावं. लवकर." मी म्हटलं, "का हो, दिवस गेलेत की काय मला?" माणसाला हसायची सवयच नाही.

त्यांचं म्हणणं असं. सरकारी वकील म्हणतो, ब्रुनो पोलंडमधल्या त्या छावणीत पहारेकरी होता आणि कैद्यांवर कुत्रा सोडायचा. ब्रुनो म्हणतो, मी तिथं होतो, नाही म्हणत नाही, पण कपड्यांच्या कोठारात. कुत्र्याची साखळी कधी हातात धरली नाही. आणि वाचलेल्यांपैकी जे साक्षीला येतात त्यांना बावीस वर्षांनी चेहरा ओळखता येत नाही. खटला तिथं अडला आहे. म्हणून सरकारी वकील आता मला बोलावणार, एका छपराखाली पंधरा वर्षं काढलेली बाई म्हणून. बायको असेन तर माझ्यावर साक्षीची सक्ती नाही. साखरपुडा झालाय असं सांगूनही भागतं म्हणे, पण पंधरा वर्षांचा साखरपुडा ऐकून न्यायाधीश टेबलाखाली जातील.

मी म्हटलं, विचार करते. पेन्शनचा प्रश्न आहे ना! तुझे बाबा रशियात पडले त्याची पेन्शन मी नवरा केला की बंद. त्यापायी आपल्या रस्त्यावर किती 'काका' झाले ते आठव. मेटाकडे एक, पोस्टाशेजारी एक, आपल्याकडे ब्रुनो. नवरा म्हटलं की सरकार कापणार, काका म्हटलं की सगळं ठीक. आता या वयात तुझ्या काकाचा बाप करायचा म्हणजे जरा विचार नको?

बाकी बरं. बांधावर वारा फार आहे. स्वयंपाक एकटीसाठी काय करायचा, मी हल्ली उभ्याउभ्याच खाते.

तुझी आई


ब्रेमेन, ६ मार्च

आई,

मला हसू आलं नाही. तुला कसं आलं?

तिकडे ते कोठडीत आणि तू पेन्शनचा विचार करतेस? कमाल आहे तुझी. मी बालवाडीत कमावते, तुला कमी पडू देणार नाही. उद्या सकाळी नगरपालिकेत जा आणि लग्नाची नोटीस लाव. आणखी काय हवंय तुला? ज्या माणसानं तुझ्या न्यूमोनियात तीन आठवडे तुझ्या पायाशी बसून काढले, त्याच्यासाठी एक सही जड जाते?

आई, मला बाबा आठवत नाहीत, फोटो आठवतो. मला वडील म्हणून जे काही आठवतं ते सगळं ब्रुनोकाका आहेत. बागेतल्या शिड्या करता करता त्यांनी माझ्यासाठी केलेली ती छोटी शिडी, माझ्या मापाची. सायकलच्या मागे धावायचे ते. रविवारी जेवण मांडलं की काही न बोलता मांडीवर दोन चापट्या मारायचे आणि आपण दोघी गुमान टेबलाशी बसायचो. मी बालवाडीत पोरांना घसा फोडून ओरडते तरी एक बसत नाही. काकांनी कधी आवाज चढवल्याचं तुला आठवतं?

आणि कुत्र्याचं म्हणशील तर त्या लोकांनी मला विचारावं. श्टेफन्सच्या बागेतला हास्सो! मी आठ वर्षांची होते, चेरीच्या झाडाखाली, आणि तो साखळी तोडून माझ्या अंगावर आला. माझा झगा त्याच्या तोंडात होता. काका शिडीवरून उतरले, पळालेसुद्धा नाहीत. जिभेनं टक् केलं, मांडीवर दोन चापट्या मारल्या, आणि हास्सो झगा सोडून जमिनीला चिकटला. काकांनी मला उचललं तेव्हा त्यांच्या कोटाला लाकडाच्या भुशाचा वास येत होता. असा माणूस कुणावर कुत्रा सोडेल? ज्यानं मला कुत्र्याच्या तोंडातून काढलं तो?

वकिलांनी मला पत्र पाठवलंय. काकांच्या चालचलणुकीची साक्ष द्याल का विचारतात. मी आजच होकार टाकते.

तुझी गेशे


नॉयेनडाइख, १० मार्च

प्रिय गेशे,

जाऊन आले नगरपालिकेत, आता तरी खूश हो. नोटीस फळ्यावर लागली आहे, डुकरांच्या लसीकरणाच्या सूचनेशेजारी. तिथला कारकून तुझ्याबरोबर शाळेत होता, तो लाल कानांचा. माझं वय विचारताना त्याचे कान आणखी लाल झाले. मेटा दुपारी येऊन म्हणाली, "वाचलं बाई मी, माझ्या काकाला म्हटलं, बघ, काहीजणांना हिंमत असते." बेकरीतल्या बाईनं पाव फुकट दिला. गावाला वाटतं मी निष्ठेची मूर्ती आहे.

आता तुझ्या साक्षीचं. तू येऊ नकोस. तुझी गरज नाही. सायकल आणि शिडीच्या गोष्टी पाद्रीबुवाही सांगू शकतात, त्यांना आवडतंही बोलायला. तू तुझ्या पोरांना सांभाळ.

आणि ती हास्सोची गोष्ट सोडून दे. तू लहान होतीस, घाबरलेली होतीस, तुला नीट आठवत नाही. श्टेफन्सनं हाक मारली म्हणून कुत्रा बसला. मी तिथंच दोरीवर कपडे वाळत घालत होते, मला ठाऊक आहे. मुलांना अशा गोष्टी मोठ्या करून आठवतात.

गेल्या वर्षी तपासाचे अधिकारी घरी आले होते, त्यांनीही विचारलं होतं, घरी कुत्रा होता का. मी सांगितलं, आमच्याकडे कधीच कुत्रा नव्हता. खरंच नव्हता ना? तू पिल्लासाठी किती रडलीस तरी ब्रुनोनं आणू दिलं नाही. मी सांगितलं त्यात एक अक्षर खोटं नाही.

भेटायला गेले होते मंगळवारी. वाळला आहे. म्हणाला, गेशेला सांग, तिची शिडी माळ्यावर आहे, ओल लागू देऊ नका. काचेपलीकडे बसतो, हात मांडीवर ठेवून. मी सगळा वेळ हातांकडेच बघत होते.

येऊ नकोस.

आई


ब्रेमेन, १३ मार्च

आई,

नोटीस लावलीस, छान केलंस, आणि दुसऱ्याच पानावर माझ्या तोंडावर दार लावलंस. मला नीट आठवत नाही? श्टेफन्स त्या दिवशी बागेत नव्हताच, तो बाजाराला गेला होता, संध्याकाळी आपल्याकडे माफी मागायला आला तेव्हा त्याच्या अंगावर बाजाराचा कोट होता. मी खोटं सांगते असं तुला म्हणायचंय का?

मला वाटतं तुला काकांची लाज वाटायला लागली आहे. गावापुढे निष्ठेची मूर्ती, पण कोर्टात मुलीनं त्यांच्या बाजूनं उभं राहिलेलं नको.

मला समन्स आलं आहे. चोवीस तारीख. येणार म्हणजे येणारच.

गेशे


नॉयेनडाइख, १७ मार्च

गेशे,

भांडू नकोस आता. चोवीसच्या आधीच्या रविवारी इकडे ये. जेवायला ये. मला तुझ्याशी बोलायचंय आणि ते पत्रात लिहिता येत नाही.

का लिहिता येत नाही ते विचारशील. कारण लिहिलं की तुला कळेल, आणि तुला कळलं की मग तुला कोर्टात एक तर ते सांगावं लागेल नाहीतर शपथेवर लपवावं लागेल. तोंडानं सांगितलं तरी तेच होणार आहे, मला समजतं. तरी तू ये. तोंडासमोर असलीस तर मला काहीतरी सुचेल.

नाहीच आलीस तर आजारी पड. तुमच्याकडे पोरांना गोवर आहे म्हणालीस ना ख्रिसमसला, डॉक्टरचा दाखला घे. मी तुझ्याकडे आयुष्यात काही मागितलं नाही, हे मागते. कोर्टात जाऊ नकोस.

आई


ब्रेमेन, २५ मार्च

आई,

रविवारी मी आले नाही. तुला काकांना सोडायचं असेल आणि मला त्यासाठी तयार करायचं असेल असं वाटलं. किती मूर्ख आहे मी.

झालं ते सगळं सांगते. पेपरात आज उद्या येईलच, पण तू माझ्याकडून ऐक.

साक्षीदारांना बोलावेपर्यंत बाहेर व्हरांड्यात बसवतात. बाकावर माझ्याशेजारी एक म्हातारीशी बाई होती, करड्या टोपीतली, पायात लोकरीचे जाड मोजे. तिची साक्ष मागच्याच आठवड्यात झाली होती, तरी ती रोज येते म्हणाली. "घरी बसून काय करू? तिकडे इस्रायलला, हायफात, जावई आणि दोन मांजरं आहेत, त्यांचं एकमेकांशी बरं चाललंय." मी हसले. तिनं मला पेपरमिंटची गोळी दिली. मी कुणासाठी आलेय ते तिनं विचारलं नाही, मी सांगितलं नाही. बाई ग्लिकमान तिचं नाव.

मग मला पुकारलं. आत काका होते. मला बघून त्यांनी मान हलवली, मी शाळेतून बक्षीस घेऊन आल्यावर हलवायचे तशी. वकिलांनी बजावलं होतं, सायकल, शिडी, तुझं आजारपण, एवढंच बोला. तेवढंच बोलले. चांगलं बोलले मी, आई. न्यायाधीश म्हातारे आहेत, दमलेले. त्यांनी शेवटी असंच विचारल्यासारखं विचारलं, "आणखी काही आठवतं का, मुली?"

आणि मला तुझं वाक्य आठवलं. तुला नीट आठवत नाही. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, मला सगळं नीट आठवतं, आणि हास्सोची गोष्ट सांगितली. म्हटलं, हा माणूस कुत्र्यांच्या तोंडातून मुलं काढतो, घालत नाही. खुर्चीतून उठून दाखवलंसुद्धा: जिभेनं टक्, मग मांडीवर दोनदा.

व्योल्केंनी डोळ्यांवरचा चष्मा काढून टेबलावर ठेवला. सरकारी वकील म्हणाला, "कृपा करून हात पुन्हा एकदा दाखवता?" आणि मी दाखवला, आई. आनंदानं दाखवला. मला वाटलं, पटलं यांना.

मागे कुणीतरी खाली बसल्याचा आवाज आला. बाई ग्लिकमान आत येऊन मागच्या रांगेत उभी होती. ती बसली आणि तिनं दोन्ही हातांनी आपली डावी पोटरी धरली, मोज्यावरून. न्यायाधीशांनी तिला बोलायची परवानगी दिली. ती म्हणाली, "मी तुम्हाला सांगितलं होतं ना, चेहरा मला माहीत नाही. कुत्रा अंगावर असताना चेहरा कोण बघतं? आम्ही हात बघायचो. टक् झालं की तो धरायचा. मांडीवर दोन चापट्या पडल्या की सोडायचा. आम्ही त्या दोन चापट्यांची वाट बघत पडून असायचो. माझ्या बहिणीच्या वेळी त्या पडल्याच नाहीत."

हे पेपरात कधी आलंच नव्हतं. चापट्यांचं. मला कसं माहीत असणार?

मी काकांकडे बघितलं. मला वाटलं ते ओरडतील, हे खोटं आहे म्हणतील. ते माझ्याकडे बघतसुद्धा नव्हते. आपले हात मांडीवरून उचलून त्यांनी टेबलावर ठेवले, एकावर एक.

मग न्यायाधीशांनी विचारलं, ती गोष्ट घडली तेव्हा आणखी कुणी होतं का. मी शपथेवर होते. म्हटलं, माझी आई होती. दोरीवर कपडे वाळत घालत होती. तूच मला लिहिलं होतंस.

बाहेर आले तर बाई ग्लिकमान जिन्यात कठड्याला धरून उभी. मला तिच्या पाया पडावंसं वाटलं, पळून जावंसंही वाटलं. मी म्हटलं, मला माफ करा. ती म्हणाली, "कशाबद्दल? तुझ्यासाठी त्या पडल्या ना, मग चांगलंच झालं की." आणि हळूहळू एकेक पायरी उतरून गेली.

मी काकांना संपवलं, आई. मला वाचवल्याची गोष्ट सांगून संपवलं. मला त्यांचा कोट आठवतो, भुशाचा वास आठवतो, आणि त्यात आता ती पोटरी येते. मी काय करू? माझ्याकडे दुसरे वडील नाहीत.

तुला माहीत होतं. म्हणून येऊ नको म्हणत होतीस. कधीपासून माहीत होतं?

गेशे


नॉयेनडाइख, २९ मार्च

माझ्या बाळा,

तू त्याला संपवलं नाहीस. रडून झालं असेल तर हे आधी डोक्यात घाल. तू जे झालं ते सांगितलंस.

कधीपासून, ते सांगते. मागच्या वर्षी तो अधिकारी आला होता, तरुण, सभ्य, केकची स्तुती करणारा. त्यानं आपल्या टेबलाशी बसून मला विचारलं, "असं काही करताना त्यांना बघितलंय का?" आणि जिभेनं टक् करून मांडीवर दोन चापट्या मारल्या. मला चेरीचं झाड दिसलं, तू दिसलीस. मी म्हटलं, आमच्याकडे कधी कुत्रा नव्हता. त्यानं विचारलं होतं एक, मी उत्तर दिलं दुसऱ्याच गोष्टीचं. त्यानं ते लिहून घेतलं, मी सही केली. तेव्हापासून मी त्या सहीच्या आत राहते आहे. एका अंगानं वळले तर ब्रुनो, दुसऱ्या अंगानं वळले तर तू, आणि मागे फिरायची वाट मीच बंद केलेली.

ब्रुनोला मी विचारलं होतं, काचेतून. म्हणाला, "मी कपड्यांच्या कोठारात होतो, अल्विने." न्यायाधीशाला सांगतो त्याच आवाजात. मलाही.

तुला खरं सांगू? मला त्याची कीव येते. त्याचा रिकामा कोट खुंटीवर बघितला की मी त्याची बाही सरळ करते. आणि त्याच वेळी अशी चीड येते की तो कोट चुलीत घालावा. दोन्ही एकाच मिनिटात होतं. दोन्हींतलं एक निघून गेलं असतं तर किती बरं झालं असतं.

मला समन्स आलं आहे, सोमवार पाच एप्रिल. वकील काल पुन्हा आले. या वेळी बूट पुसून. म्हणाले, लग्न शनिवारी, कोठडीतच. नोंदणी अधिकारी तिथं येतील. मग सोमवारी तुम्ही फक्त एवढंच म्हणायचं की मी बायको आहे, मला बोलायचं नाही. बाकीचं मी बघतो, मुलगी आठ वर्षांची होती, घाबरली होती, तिला नीट आठवत नाही. माझंच वाक्य, गेशे! मी त्यांना कधी बोललेही नव्हते. असल्या वेळी सगळ्यांना तेच वाक्य सुचतं वाटतं.

म्हणजे मी गप्प बसले की तू खोटी. मी बोलले की तो जन्मभर आत, आणि गाव माझ्या दारावर थुंकणार. आत्ताच बेकरीतल्या बाईनं पाव देताना माझ्या हातात दिला नाही, फळीवर ठेवला. "तुमच्या पोरीला शहरानं शिकवलं वाटतं," म्हणाली. मी म्हटलं, "नाही हो, मोजायला मीच शिकवलं, दोनपर्यंत."

मेटा म्हणते, शनिवारी सही करून टाक, बाईमाणसानं कोर्टकचेरीत कशाला पडावं. गाव सगळं तेच म्हणतं. आणि खरं सांगते, मलाही ते सोपं वाटतं. पंधरा वर्षं मी न बोलून सुखात राहिले, आणखी राहीन.

तू सांग मला. काय करू?

आई


ब्रेमेन, १ एप्रिल

आई,

मी नाही सांगणार. मला सांगताच येत नाही. रोज सकाळी एक ठरवते आणि संध्याकाळी दुसरं.

एकच मागते. सही केलीस तर कर, मी तुझ्याशी बोलायची थांबणार नाही. पण माझ्याकडे बघून मला नीट आठवत नाही असं म्हणू नकोस. बाकी कुणीही म्हणू दे.

सोमवारी मी कोर्टात असेन. मागच्या रांगेत. तिच्या शेजारी जागा मिळाली तर तिथं.

गेशे


नॉयेनडाइख, ३ एप्रिल, शनिवार

गेशे,

आत्ताच गाडीतून उतरले. टोपीही काढली नाही. हे पत्र सोमवारच्या आत तुला मिळणार नाही, तरी लिहिते, कारण आता नाही लिहिलं तर मी ते माझ्यासाठीच बदलून टाकीन.

सकाळी मी त्याचा निळा सूट इस्त्री करून नेला. हो, नेला. शर्टाची कॉलर पुन्हा पुन्हा दाबली. गाडीत बसले तेव्हा मला खरंच माहीत नव्हतं मी काय म्हणणार ते.

कोठडीतली ती खोली म्हणजे पहारेकऱ्यांची जेवणाची खोली. टेबलावर हिरवं कापड टाकलेलं, त्यावर कुणीतरी बरणीत डॅफोडिल ठेवलेले, पण कोबीचा वास काही गेला नव्हता. साक्षीदार म्हणून दोन पहारेकरी, त्यातला एक सारखा घड्याळ बघणारा. व्योल्के कोपऱ्यात. ब्रुनो सुटात आला. दाढी गुळगुळीत. मला बघून म्हणाला, "केस छान केलेस." पंधरा वर्षांत पहिल्यांदा, बरं का! कधी केसांकडे लक्ष गेलं नव्हतं स्वारीचं.

आम्ही उभे होतो. अधिकाऱ्यांनी त्याला विचारलं, तो "हो" म्हणाला, लगेच. मग मला विचारलं. माझ्या डोळ्यांसमोर काही मोठं आलं नाही, तुला वाटेल छावणी आली असेल, मेलेली माणसं आली असतील. नाही. बेकरीतली फळी आली आणि तू आलीस, झगा फाटलेला. मी म्हटलं, "नाही."

खोलीत कुणाला ऐकूच आलं नाही जणू. अधिकारी बिचारे हसले, म्हणाले, "घाबरल्या असाल, होतं असं." व्योल्के पुढे आले. आणि ब्रुनो... तो रागावला नाही, गेशे. त्यानं माझ्याकडे बघितलं, शांत, जेवणाच्या वेळी बघायचा तसं, आणि मांडीवर दोन चापट्या मारल्या.

आणि मी बसले.

मागे खुर्ची होती, मी तिच्यावर बसले. मला बसायचं नव्हतं. मी ठरवलं नव्हतं. पंधरा वर्षं रविवारी, जेवणाला, गप्प करायला, वाद संपवायला, आणि मी म्हणायचे बघा कसा घर सांभाळतो, कधी आवाज चढवत नाही. तू म्हणालीस ना, तुझी पोरं घसा फोडूनही बसत नाहीत. आपण दोघी बसायचो.

ब्रुनो अधिकाऱ्यांना म्हणाला, "दमली आहे ती. पुन्हा विचारा."

त्यांनी पुन्हा विचारलं. मी खुर्चीत होते आणि मला उठता येईना. गंमत नाही, खरंच येईना. टेबलाची कड दोन्ही हातांनी धरली, हिरवं कापड ओढलं गेलं, बरणी कलंडली, पाणी सगळ्या कागदांवर. घड्याळवाला पहारेकरी रुमाल घेऊन धावला. मी उठले. उठून उभी राहिले आणि म्हटलं, "नाही." या वेळी सगळ्यांना ऐकू गेलं.

ब्रुनोनं तोंड फिरवलं. त्याच्या मानेवर कॉलरचं टोक दुमडलं होतं, इतकी इस्त्री करूनही. मला ते सरळ करावंसं वाटलं. नाही केलं.

व्योल्केंनी जिन्यात मला गाठून सांगितलं, अजून दोन दिवस आहेत, विचार करा, सोमवारी कोर्टात साक्षीदाराला खुर्ची असते, पाणी असतं, कुणी घाई करत नाही, बसून शांतपणे बोला.

खुर्ची असू दे. मी उभ्यानं सांगणार आहे.

तुझी आई